गिरणगावचे अभिजनीकरण आणि वस्तीपणाचा ऱ्हास : एक विवेचन

गोषवारा :
मुंबईच्या मध्यभागी वसलेले गिरणगाव हे सव्वाशे वर्षे कापड गिरण्यांचे व गिरणी कामगारांचे क्षेत्र होते. १९८२ च्या संपानंतर तेथील उद्योग संपुष्टात आला आणि गिरण्यांच्या जमिनीवर कार्यालये, मॉल व उत्तुंग निवासी मनोरे उभे राहिले. पाश्चात्त्य नगर-समाजशास्त्रात या प्रकारच्या बदलास 'जेन्ट्रिफिकेशन' अशी संज्ञा आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करून गिरणगावातील बदल तिच्या चौकटीत कितपत बसतो, हा बदल कोणत्या नियमांमुळे व व्यवहारांमुळे घडला आणि त्यात नेमके काय हरवले, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अभिजनीकरण, गिरणगाव, चाळ, पुनर्विकास, विस्थापन, विकास नियंत्रण नियमावली.

१. प्रस्तावना

शहर हे सतत बदलणारे असते. त्यामुळे जुने गेले व नवे आले एवढ्यावरून कोणत्याही वस्तीची हानी झाली असे म्हणता येत नाही. हानी कोणाची झाली, लाभ कोणास मिळाला आणि तो कोणत्या मार्गाने मिळाला, हे तपासल्यानंतरच बदलाचे मूल्यमापन करता येते. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, चिंचपोकळी, काळाचौकी, भायखळा, डिलाईल रोड, शिवडी, नायगाव या परिसरास सामान्यतः गिरणगाव म्हटले जाते. या परिसराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बरेचसे लेखन स्मरणरंजनाच्या अंगाने जाते. 'चाळ गेली, माणुसकी गेली' हे विधान भावनेच्या पातळीवर खरे वाटले तरी ते स्पष्टीकरण नव्हे. चाळ का गेली, ती जाण्यापूर्वी तिच्यात काय होते आणि तिच्या जागी आलेल्या इमारतीत तेच लोक राहत असूनही वस्ती तीच का राहिली नाही, या प्रश्नांची उत्तरे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पना : अभिजनीकरण म्हणजे काय ?

'जेन्ट्रिफिकेशन' ही संज्ञा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात प्रथम वापरली. लंडनमधील कामगारांच्या काही जुन्या वस्त्यांत मध्यमवर्गीय कुटुंबे येऊ लागली, त्यांनी जुनी घरे विकत घेऊन दुरुस्त केली, घरांच्या किमती वाढल्या आणि मूळचे कामगार रहिवासी हळूहळू बाहेर गेले. या प्रक्रियेचे वर्णन करताना ग्लास यांनी इंग्लंडमधील जमीनदार अभिजनांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या 'जेन्ट्री' या शब्दापासून ही संज्ञा घडविली. त्यात उपरोध होता. मराठीत तिला 'अभिजनीकरण' म्हणता येईल.

पुढे १९७९ मध्ये भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी या प्रक्रियेचे आर्थिक स्पष्टीकरण दिले. एखाद्या जमिनीपासून सध्याच्या वापरातून मिळणारे उत्पन्न आणि तिचा सर्वाधिक फायदेशीर वापर केल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांत जेव्हा मोठी दरी निर्माण होते, तेव्हा भांडवल तिकडे वळते. स्मिथ यांच्या मते अभिजनीकरणाचे मूळ मध्यमवर्गाच्या बदललेल्या आवडीनिवडींत नसून भांडवलाच्या हालचालीत आहे. या सिद्धान्तास 'खंड-दरी सिद्धान्त' असे म्हणता येईल. गिरणगावच्या बाबतीत ग्लास यांच्या वर्णनापेक्षा स्मिथ यांचे स्पष्टीकरण अधिक लागू पडते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. गिरणगावची घडण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ प्रामुख्याने कोकणातून व घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून आले. हा कामगार बहुधा एकटा येई. बायकामुले गावी राहत. मनीऑर्डर, गणपतीची व शिमग्याची रजा आणि गावाकडची जमीन यांच्याद्वारे त्याचे गावाशी नाते टिकून असे.

१८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर कामगारांच्या निवासाचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची आणि १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना झाली. या दुसऱ्या विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या चाळी 'बी.डी.डी. चाळी' म्हणून ओळखल्या जातात. तेथील एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट होते. खासगी मालकांच्या चाळीही याच धर्तीच्या होत्या : एका ओळीत खोल्या, पुढे सामाईक सज्जा आणि टोकाला सामाईक नळ व शौचालये.

४. वस्तीपणाचे घटक

वस्तीचे 'स्वरूप' हा शब्द मोघम आहे. इमारतींची ठेवण म्हणजे वस्तीचे स्वरूप नव्हे. गिरणगावच्या संदर्भात वस्तीपणाचे तीन घटक वेगळे करता येतात.

पहिला घटक म्हणजे काम व निवास यांचे सान्निध्य. कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असे. गिरणीच्या भोंग्यावर केवळ कामाची पाळीच नव्हे, तर चुली, दुकाने व नळावरची गर्दीही चाले. एकाच खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत. ते वेगवेगळ्या पाळ्यांत काम करीत असल्यामुळेच हे शक्य होते.

दुसरा घटक म्हणजे परस्परावलंबनाच्या संस्था. एकट्या कामगाराला जेवण लागे. त्यातून खानावळी उभ्या राहिल्या. या खानावळी बहुतांशी स्त्रिया आपल्या राहत्या खोलीत चालवीत आणि जेवणाचे पैसे महिन्याच्या पगारावर चुकते होत. खानावळवाल्या बाईला त्यासाठी अनेकदा सावकाराकडून कर्ज काढावे लागे. या स्त्रियांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गावकरी मंडळांच्या खोल्या, व्यायामशाळा, भजनी मंडळे, पतपेढ्या, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे या संस्थाही याच गरजेतून निर्माण झाल्या.

तिसरा घटक म्हणजे सार्वजनिक अभिव्यक्ती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे लालबावटा कलापथक, नारायण सुर्वे यांची कविता, कामगार रंगभूमी आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील सभा यांना श्रोता मिळाला तो याच वस्तीत. चाळीचा सज्जा, चौक व मैदान ही या अभिव्यक्तीची ठिकाणे होती. खोली लहान असल्यामुळे माणसाचे बरेचसे जगणे खोलीबाहेर घडे.

हे तिन्ही घटक एकमेकांवर आधारलेले होते. त्यांपैकी पहिला कोसळला की उरलेल्या दोघांचा पाया सुटणार, हे उघड होते.

५. संप, बंद गिरण्या आणि जमिनीचे मोल

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. संपामुळेच गिरण्या बंद पडल्या असे सरधोपटपणे सांगितले जाते. परंतु यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणाकडे झालेले दुर्लक्ष, भिवंडी-इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांची स्पर्धा व मुंबईतील जमिनीचे वाढते भाव ही कारणे संपापूर्वीपासून अस्तित्वात होती. संपाने त्यांची गती वाढविली.

येथे स्मिथ यांची दरी स्पष्ट दिसते. मुंबई बेटाच्या मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांच्या ताब्यात होती. ती कापड उद्योगासाठी वापरली जात असताना तिच्यापासून मिळणारे उत्पन्न आणि कार्यालये व घरे बांधल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांत प्रचंड अंतर पडले होते. गिरणी चालविण्यापेक्षा ती बंद करणे अधिक लाभदायक ठरावे, अशी ही स्थिती होती.

६. नियमावलीतील कलम ५८ : निर्णायक वळण

ही जमीन कोणाच्या वाट्याला जावी, हे बाजाराने नव्हे तर नियमाने ठरविले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा झाल्यास तिचे ढोबळमानाने तीन वाटे करावयाचे होते : एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, दुसरा म्हाडाकडे सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि तिसरा मालकाकडे. क्षेत्रफळानुसार प्रमाण थोडेफार बदलत असले तरी तत्त्व हेच होते. मात्र जुन्या बांधकामाचा सांगाडा कायम ठेवून त्याचा अन्य वापर करणाऱ्यास हे वाटे द्यावे लागत नसत. या सवलतीमुळे अनेक मालकांनी पुनर्विकासाऐवजी 'फेरवापरा'चा मार्ग पत्करला.

गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित विचार व्हावा, म्हणून १९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेजारशेजारच्या जमिनींचा एकसंध आराखडा करून रस्ते, मैदाने व घरे यांची तरतूद करावी, असा या समितीचा रोख होता. तो प्रत्यक्षात आला नाही. २००१ मध्ये कलम ५८ मध्ये दुरुस्ती झाली व वाटे करताना गिरणीची संपूर्ण जमीन न धरता केवळ बांधकाम नसलेली मोकळी जमीन धरावी, असे ठरले. गिरणीच्या आवारात बांधकामच जास्त असल्याने सार्वजनिक वाटा आपोआप आक्रसला. या दुरुस्तीस न्यायालयात आव्हान देण्यात आले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवादी याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या. त्यांपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जागा ७०२ कोटी रुपयांना विकली गेली.

'मोकळी' या एका विशेषणाच्या अर्थावर शहरातील मैदानांचे व परवडणाऱ्या घरांचे भवितव्य अवलंबून होते, ही बाब नगरनियोजनाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. लंडनच्या वस्त्यांत वैयक्तिक खरेदीदारांनी एकेक घर घेऊन जे घडविले, ते गिरणगावात शासननिर्णय, गिरणीमालक व विकासक यांनी घाऊक प्रमाणावर घडविले.

७. चाळींचा पुनर्विकास : राहूनही विस्थापित

गिरण्यांच्या जोडीने चाळींचा प्रश्न आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १९४० च्या पातळीवर गोठविले. त्यामुळे कामगार शहराच्या मध्यभागी टिकून राहिला; पण मालकाला दुरुस्तीत काही स्वारस्य उरले नाही. एकाच कायद्याने रहिवासी वाचविला आणि इमारत खचविली. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापन झाले व जुन्या इमारतींवर उपकर लावण्यात आला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. उपकरातून होणारी डागडुजी अपुरी ठरल्याने १९९१ च्या नियमावलीतील कलम ३३(७) अन्वये नवा मार्ग काढण्यात आला : विकासकाने भाडेकरूंना विनामूल्य मालकीची घरे बांधून द्यावीत व त्या मोबदल्यात वाढीव चटईक्षेत्र वापरून विक्रीची घरे बांधावीत.

या योजनेत मूळ रहिवासी कायद्याने जागेवर राहतो. म्हणून 'येथे विस्थापन झालेलेच नाही' असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे, कारण विस्थापन तीन प्रकारे घडते.

(अ) आर्थिक : चाळीत भाडे नाममात्र असते. नव्या इमारतीत उद्वाहन, पाण्याचे पंप, सुरक्षारक्षक यांचा मासिक देखभाल खर्च व मालमत्ता कर यांचा भार येतो. निवृत्त किंवा तुटपुंजे उत्पन्न असलेल्या कुटुंबास तो पेलत नाही.

(आ) कौटुंबिक : चाळीतील खोली ही वापरायची वस्तू होती, तिच्यात भाऊ-भाऊ, सासू-सुना दाटीवाटीने राहत. मालकीचे घर मिळताच ती बाजारभाव असलेली मालमत्ता झाली. मालमत्तेला वारस असतात आणि घराची वाटणी भिंत घालून होत नाही, ती विकूनच होते. मग एका घराच्या रकमेतून दोन-तीन भावंडे डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल येथे घरे घेतात. कोणी हाकलून दिलेले नसते. तरीही कुटुंब जाते.

(इ) सामाजिक : पुनर्वसनाची इमारत व विक्रीची इमारत यांची प्रवेशद्वारे सहसा वेगळी असतात. सामाईक सज्जाच्या जागी बंद दारांचा मार्गिकेचा चौक येतो. खोलीत खानावळ चालविणे, पापड-लोणची करणे, शिकवणी घेणे, जिन्याखाली छोटे दुकान थाटणे या उपजीविका नव्या इमारतीच्या नियमांत बसत नाहीत. भोवतालच्या बाजारपेठेतील वाणी, चहावाला, शिंपी यांच्या जागी जे येते त्याचे दर रहिवाशांना परवडत नाहीत. माणूस पत्त्याने तेथेच राहतो, व्यवहाराने बाहेर पडतो.

विकासकांच्या जाहिरातींतून लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणण्याची प्रथा पडली, तिचाही विचार या संदर्भात करावा लागतो. 'परळ' या नावाला चिकटलेला श्रमाचा इतिहास विक्रीला अडसर ठरतो, एवढाच तिचा अर्थ.

८. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधावीत, ही मागणी दीर्घ लढ्यानंतर मान्य झाली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची व मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत निघाली. घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगारांची व वारसांची संख्या दीड लाखाच्या घरात होती, हे पाहता गरज व पूर्तता यांतील तफावत लक्षात येते. २००१ मध्ये आक्रसलेल्या सार्वजनिक वाट्याचा हा थेट परिणाम होय. पुढे शेलू, वांगणी यांसारख्या मुंबईबाहेरच्या ठिकाणी घरे देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कामगार संघटनांनी त्यास विरोध केला. त्यांची मागणी डोक्यावर छप्पर एवढीच नव्हती, तर ज्या शहराच्या उभारणीत आयुष्य वेचले त्या शहरात जागा मिळावी, अशी होती.

९. बदलाचा ताण : लोकसंख्या व पायाभूत सुविधा

जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली. याच काळात मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेली. शहर जिल्ह्यातील घटीस अभिजनीकरण हे एकमेव कारण म्हणता येणार नाही. मात्र ज्या दशकात बेटावर मनोरे उभे राहत होते, त्याच दशकात तेथील माणसे कमी होत होती, ही वस्तुस्थिती उरतेच.

राहणारे घटले तरी कामास येणारे वाढले. पूर्वीचा कामगार चालत गिरणीत जाई. नव्या कार्यालयांतील कर्मचारी दूरच्या उपनगरांतून रेल्वेने येतो. करी रोड, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड या स्थानकांचे अरुंद जिने या उलट्या प्रवाहासाठी बांधलेले नव्हते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले. जमिनीचा वापर तुकड्यातुकड्याने बदलला व एकसंध आराखडा झाला नाही, याची किंमत काय असते ते या दोन घटनांतून दिसले.

१०. दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून चाळ आदर्श होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सामाईक शौचालये, खाजगीपणाचा अभाव व पाण्यासाठीची पहाटेची रांग यांचा सर्वाधिक जाच स्त्रियांना झाला. वस्तीतील आपलेपणास जातीच्या सीमाही होत्या. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे; १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबास स्वतंत्र स्वयंपाकघर व शौचालय मिळणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. तिच्याकडे पाहून हळहळणे हे चाळीत न राहिलेल्याचे चैनीचे दुःख ठरेल.

तेव्हा चाळ राहावी की जावी असा पर्याय समोर ठेवणे योग्य नाही. चाळीतील गैरसोय दूर करताना वस्तीतील व्यवहार टिकविता येतात का, हा प्रश्न आहे. कोरिया समितीच्या वेळी त्याचे होकारार्थी उत्तर शक्य होते. जमीन होती व ती सार्वजनिक हेतूसाठी मिळण्याचा नियमही होता.

११. निष्कर्ष

१) गिरणगावातील अभिजनीकरण हे मध्यमवर्गाच्या अभिरुचीतून नव्हे, तर बंद उद्योगाच्या जमिनीवरील खंड-दरीतून व शासकीय नियमांतून घडले आहे.
२) २००१ ची कलम ५८ मधील दुरुस्ती हे या प्रक्रियेतील निर्णायक वळण होते, ते अटळ नव्हते.
३) मालकीचे घर मिळाल्याने विस्थापन थांबत नाही, देखभाल खर्च, वारसांची वाटणी व उपजीविकेवरील बंधने यांद्वारे ते विलंबाने घडते.
४) वस्तीपण हे इमारतींत नसून काम, परस्परावलंबन व सार्वजनिक जागा यांच्या संबंधात असते. त्यामुळे एखादी चिमणी वा दर्शनी भिंत जतन केल्याने त्याचे जतन होत नाही.
५) पुनर्विकासाच्या धोरणात देखभाल निधी, घरगुती उद्योगांना मुभा, लहान दुकानांचे त्याच जागी पुनर्वसन व मंडळे-व्यायामशाळांसाठी सामाईक जागा यांची तरतूद आवश्यक आहे.

१२. समारोप

अभ्यासकांच्या दृष्टीने एक काम तातडीचे आहे. गिरणगावचा मौखिक इतिहास मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संकलित केला. परंतु पुनर्विकासानंतरच्या दोन दशकांची नोंद अद्याप विखुरलेली आहे. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, गावकरी मंडळांची हजेरीपत्रके, पतपेढ्यांचे अहवाल, भाडेपावत्या, खानावळींच्या वह्या ही साधने घर बदलताना प्रथम रद्दीत जातात. या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा हे या साधनांचे अखेरचे धनी आहेत. समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल व मराठी या विभागांनी प्रकल्पकार्याच्या निमित्ताने ती जमा केल्यास स्थानिक इतिहासाची मोलाची सामग्री हाती येईल. नाशिकच्या पेठा, पुण्याचे वाडे, सोलापूरची गिरणी वस्ती येथेही कमीअधिक फरकाने हीच प्रक्रिया सुरू आहे. तेथे नियम ठरत असताना कोणते शब्द लिहिले जात आहेत, इकडे वेळीच लक्ष देता यावे, यासाठीही गिरणगावचा अनुभव उपयुक्त ठरेल.